पोस्ट क्रमांक ४१८७ ची नक्कल

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास पोस्ट क्रमांक ४१८७ नाहीशी झाली आणि गोपीचंदजी कटेखाये खुर्चीतून ताडकन उभे राहिले. उभं राहून काही उपयोग होता असं नाही. पण एकतीस वर्षं सरकारी अभिलेख कक्षात काढलेल्या माणसाच्या हातून कागद हरवला, की तो आधी उभा राहतो आणि मग टेबलाखाली वाकून बघतो. पोस्ट मोबाइलमधली होती, तरी गोपीचंदजींनी टेबलाखाली बघितलंच. तिथे उषाबाईंची चप्पल होती.

"काय शोधून राहिले जी?" उषाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"पोस्ट गेली माही. कानाची."

"आता कानाचंही काही पोस्टानं येते का?" असं म्हणून त्या पुन्हा फोडणीकडे वळल्या.

सात महिन्यांपासून गोपीचंदजींच्या उजव्या कानात कुकरची शिटी वाजत होती. ती थांबत नसे आणि तिच्यामागून भातही येत नसे. भंडाऱ्यातल्या आणि नागपुरातल्या मिळून तीन डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिली आणि कान उत्तम असल्याचं सांगितलं. "सवय करून घ्या," तिघंही म्हणाले. कानातला आवाज दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नसल्यामुळे त्याचा पंचनामा करता येत नाही, ही मोठीच अडचण. घरात शांतता झाली की शिटी वाढायची. गोपीचंदजींचं पेपरात लक्ष लागेना. शेजारच्या बाबूलालच्या भांड्यांच्या दुकानातली संध्याकाळची बैठक त्यांनी सोडली. एकदा तर न्हाणीघरात नळ मोठा सोडून ते रडले आणि बाहेर येऊन डोळ्यांत साबण गेल्याचं सांगितलं. उषाबाईंनी ते मान्य केलं, कारण बत्तीस वर्षांच्या संसारात काय मान्य करायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मग त्यांना 'कर्णमित्र' सापडलं. ज्यांचे कान असे वाजतात त्यांनी एकमेकांना धीर द्यावा म्हणून कोणीतरी चालवलेला हा ऑनलाइन मंच, सगळा मराठीत. चारशे बारा सदस्य. प्रत्येकाचं काहीतरी टोपणनाव आणि प्रत्येक पोस्टला एक क्रमांक. क्रमांक पाहूनच गोपीचंदजींचा जीव तिथे रमला.

पोस्ट क्रमांक ४१८७ त्यांनी शुक्रवारी वाचली. ती अशी सुरू होत होती: "माह्या बाबाच्या कानात सारखं वाजते. डॉक्टर म्हणते कान साजरा आहे. मंग आमी बाबाले शांत जागी बसू देणं बंद केलं. मडक्याले बारीक भोक पाडून टांगलं, खाली परात ठेवली. टप टप पाणी पडत राह्यते. वाजणाऱ्या आवाजासंग भांडाचं नाही, त्याले सोबत द्याची. एवढ्यानं बाबाले आराम पडला. पण खरी गोष्ट वेगळीच आहे, ते खाली लिहून राहिली."

खाली अजून दहा-बारा ओळी होत्या. त्या गोपीचंदजींनी वाचल्या नाहीत. पहिल्या कलमाची अंमलबजावणी पूर्ण झाल्याशिवाय दुसरं कलम उघडायचं नाही, ही त्यांची नोकरीतली शिस्त. याच शिस्तीमुळे त्यांच्या कक्षात एक प्रकरण एकोणीस वर्षं चाललं होतं, पण तो विषय वेगळा.

ते तडक बाबूलालकडे गेले. सात महिन्यांनी गोपीचंदजी दुकानाची पायरी चढताना पाहून बाबूलालला इतका आनंद झाला की त्याने एकामागून एक तीन पराती ठोकून दाखवल्या. "पितळेची घेसान तं आवाज बसका येईन, गोपीभाऊ. अन् काशाची थाळी घेसान तं थेंब पडला का देवळातली घंटा. तुमाले भजन पाह्यजे का झोप पाह्यजे?" गोपीचंदजींनी झोप मागितली. जाड पितळेची परात आली, पडवीत मडकं टांगलं गेलं, थेंब पडू लागले, आणि शुक्रवारी दुपारी गोपीचंदजी कटेखाये सात महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीत घोरले. उषाबाईंनी शेजारच्या दोन बायकांना बोलावून ते घोरणं ऐकवलं.

शनिवारी बरं वाटलं, रविवारी त्याहून बरं. सोमवारी त्यांनी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, जाहिरातींसकट. मंगळवारी सकाळी कृतज्ञतेने त्यांचा ऊर भरून आला. पोस्टखाली त्यांनी कौतुकाच्या दोन ओळी लिहिल्या आणि आता दुसरं कलम वाचावं म्हणून चहा घेऊन बसले, तर पोस्ट गायब. तिच्या जागी एकच वाक्य: 'ही पोस्ट हटवण्यात आली आहे.'

एकवेळ हेही चाललं असतं. पण गुरुवारी शिटी परत आली. मडकं टपटपत होतं, परात वाजत होती, आणि दोन्हींच्या वर कुकर होता. गोपीचंदजी घाबरले. सात महिने ज्याची सवय झाली नाही ते सहा दिवस नव्हतं, आणि आता ते पूर्वीपेक्षा जास्त सहन होईना. खरी गोष्ट खाली लिहिली होती, आणि ती खालची गोष्ट ते शिस्तीत बसून गमावून बसले होते.

लिहिणारीचं नाव आठवत नव्हतं. इथे गोपीचंदजींना दोष देणं सोपं आहे. पण एकतीस वर्षं ज्याने फडताळातली प्रत्येक फाइल क्रमांकाने काढली, त्याला नावं बघायची सवय कुठून असणार? क्रमांक मात्र त्यांना झोपेतही आठवला असता.

"डिलीट काही होत नाही, गोपीभाऊ," बाबूलालने सांगितलं. "सारं सरकारले दिसते. तुमी तं सरकारातच होते. जा अन् नक्कल घेऊन या."

उषाबाई म्हणाल्या, "अवो, त्या चारशे मानसाईले सरळ विचारा ना." हा सल्ला फारच साधा असल्यामुळे मागे ठेवण्यात आला.

शुक्रवारी गोपीचंदजी आपल्या जुन्या कार्यालयात गेले. नकलेचा अर्ज घरूनच लिहून नेला होता, वर कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला होता. खिडकीत निकेश होता. निकेशला त्यांनीच तयार केलं होतं. शिक्का कसा मारायचा, अर्ज उलटा धरून कसा वाचायचा, सगळं. निकेशने उठून नमस्कार केला, चहा मागवला, अर्ज दोनदा वाचला आणि लाल शाईच्या पेनाने मागे तीन त्रुटी लिहून परत दिला. एक, अर्जासोबत मूळ दस्तऐवजाची छायाप्रत जोडलेली नाही. दोन, सदर दस्तऐवज या कार्यालयाने निर्गमित केल्याचे दिसून येत नाही. तीन, अर्जदाराचा दस्तऐवजाशी असलेला संबंध स्पष्ट होत नाही.

"अरे, छायाप्रत असती तं मी नक्कल कायले मागतली असती?"

"साहेब," निकेश अगदी नम्रपणे म्हणाला, "हे तुमीच शिकवलं मले. आमच्या काकाच्या सातबाऱ्याच्या येळेस."

गोपीचंदजींनी चहा अर्धा ठेवला. पहिल्या दोन त्रुटी त्यांना पटल्या, उलट थोडा अभिमानही वाटला. तिसरी मात्र घरी येईपर्यंत डोक्यात फिरत राहिली. त्या पोस्टने त्यांना सहा दिवस माणसात आणलं होतं. हा संबंध कोणत्या रकान्यात लिहायचा?

आता उषाबाईंचा सल्ला विचारार्थ घेण्यात आला. म्हणजे चारशे बारा सदस्यांना एकेक संदेश पाठवून विचारायचं, की बाबा रे, ४१८७ तुझी होती का? पण मंचाचा नियम होता: स्वतःच्या किमान दहा पोस्ट झाल्याशिवाय कोणाला खासगी संदेश पाठवता येणार नाही. गोपीचंदजींची एकही पोस्ट नव्हती. नियम पाहून कोणी दुसरा चिडला असता. गोपीचंदजींनी समाधानाने मान हलवली, कारण नियम नसलेल्या जागी त्यांना नेहमीच चुकल्यासारखं वाटे.

शनिवारी सकाळी त्यांनी पहिली पोस्ट टाकली: 'विषय: पोस्ट क्र. ४१८७ उपलब्ध होणेबाबत.' दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, म्हणून स्मरणपत्र क्रमांक एक. मग स्मरणपत्र क्रमांक दोन, संदर्भ: स्मरणपत्र क्रमांक एक. रविवारी दुपारी स्मरणपत्र क्रमांक नऊ गेलं तेव्हा त्यातला संदर्भांचा मजकूर मूळ मजकुराच्या चौपट होता. मधल्या काळात कोणी एक माणूस आपल्या वाजणाऱ्या कानाला कंटाळून बायको माहेरी गेल्याचं लिहीत होता, त्याच्या वर चार आणि खाली पाच स्मरणपत्रं होती. पण दहा पोस्ट झाल्या. संदेशाची सोय उघडली.

हा संदेश लिहायला गोपीचंदजींनी आख्खी संध्याकाळ घेतली. लोक आजारी आहेत, त्यांच्याशी आदराने बोललं पाहिजे, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. आदराने म्हणजे कसं, तेही पक्कं होतं. त्यांनी लिहिलं:

'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, पोस्ट क्र. ४१८७ आपण लिहिली होती किंवा कसे, याबाबतचा लेखी खुलासा तीन दिवसांचे आत सादर करावा. अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.' खाली: 'गो. ल. कटेखाये, अभिलेखपाल (सेवानिवृत्त), भंडारा.' 'सेवानिवृत्त' हा शब्द कंसात गेल्यामुळे पुष्कळांच्या नजरेतून सुटला.

सोमवारी सकाळी त्रेसष्ट जणांना हा संदेश गेला. दुपारी कर्णमित्र मंचावर असा हलकल्लोळ माजला की विचारू नका. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी लेखी माफीनामा पाठवला, कशाबद्दल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. परभणीच्या एका बाईंनी आपण ती पोस्ट वाचलीसुद्धा नाही असं कळवून पुरावा म्हणून नवऱ्याच्या आधार कार्डाचा फोटो जोडला. अकरा जणांनी आपल्या जुन्या पोस्ट भराभर काढून टाकल्या. सात जण मंच सोडून गेले. आणि माहेरी गेलेल्या बायकोचा नवरा म्हणाला की त्याचा आतापर्यंत एकच कान वाजत होता, संदेश वाचल्यापासून दोन्ही वाजतात.

चौसष्टावा संदेश गेलाच नाही. 'आपले खाते गोठवण्यात आले आहे.' निवृत्त माणसाला खातं गोठवलं म्हटल्यावर आधी बँक आठवते. तो धक्का सावरेपर्यंत फोन वाजला.

"कटेखाये काका का? मी भावना बोलतेय, सांगलीहून. कर्णमित्र मी चालवते. नंबर तुमच्या नोंदणीतून घेतला." आवाज शाळेतल्या बाईंचा होता, आणि त्या होत्याही शाळेतल्या बाई. "सहा वर्षांत माझ्या मंचावर भांडण झालं नव्हतं काका. तुम्ही तर धाडच घातलीत."

गोपीचंदजींनी खुलासा सुरू केला. तीन वाक्यांत दोनदा 'सदर' आला तेव्हा भावनाताईंनी त्यांना थांबवलं. "काका, फॉर्म बाजूला ठेवा आणि नुसतं सांगा. काय झालंय तुम्हाला?"

मग गोपीचंदजींनी सांगितलं. कुकरची शिटी, मडकं, परात, सहा दिवस आणि गुरुवार.

"माझाही डावा वाजतो," भावनाताई म्हणाल्या. "समुद्रासारखा. बरं, ऐका. हटवलेल्या पोस्ट मला दिसतात, पण तुम्हाला देता येणार नाहीत. लिहिणाऱ्याने काढली म्हणजे काढली, तो त्याचा हक्क आहे. ही तिने स्वतःच काढलीय. मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी. तुमच्या प्रतिक्रियेनंतर बारा मिनिटांनी."

"माह्या? मी तं कौतुक केलं होतं जी."

"वाचून दाखवू? 'सदर पोस्टचे अवलोकन केले. उपाय दखलपात्र आहे. लेखकाने आपले पूर्ण नाव, राहण्याचे ठिकाण व सदर उपाय कोणाच्या परवानगीने करण्यात येत आहे, हे कळवावे. अभिलेखपाल, भंडारा.'"

गोपीचंदजी खुर्चीत बसले. ते लिहिताना त्यांना खरोखरच भरून आलं होतं. 'दखलपात्र' हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत कोणाच्याही कामाला लावला नव्हता, एवढं ते कौतुक मोठं होतं. नाव-गाव मागितलं ते आभाराचं पत्र पाठवायला. आणि परवानगीचं विचारलं कारण... कारण ते नेहमीच विचारत आले होते. ज्या माणसाने त्यांना झोप दिली त्याचंच तोंड त्यांनी बंद केलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"एक करते," भावनाताई म्हणाल्या. "तुमचा एक संदेश मी तिला पोचवते. एकच. पण साध्या माणसाच्या भाषेत."

साध्या माणसाच्या भाषेत लिहायला दोन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात 'क्षमस्व' होता, दुसऱ्यात 'सबब', तिसऱ्यात 'दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे'. कोण व्यक्त करत होतं याचा त्यात पत्ता नव्हता. बाबूलालने सुचवलं की मजकुरावर 'श्री' घालावा, सारं साजरं दिसते. चौथा मसुदा वाचून उषाबाईंनी मोबाइलच हातातून घेतला.

"तुमी मले सांगा, त्या पोरीनं काय केलं तुमच्यासाठी?"

"झोप लागली मले तिच्यानं."

"अन् तुमी काय केलं?"

"भेव घातलं तिले."

"मंग हेच लिहा ना बापा. एवढं काय बाळंतपण आहे त्याच्यात?"

संदेश गेला: 'बेटा, तुह्या पोस्टनं मले झोप लागली. मी लिहिण्यात चुकलो, तुले भेव वाटलं असंन. माफ कर.' त्यात विषय नव्हता, संदर्भ नव्हता आणि पदनामही नव्हतं. पाठवल्यावर गोपीचंदजींना चारचौघांत बनियनवर उभं राहिल्यासारखं वाटलं.

तासाभरात भावनाताईंमार्फतच उत्तर आलं. 'काकाजी, मी प्रेरणा नान्हे, सानगडीची. बाबा म्हणते, कान वाजणारा माणूस आहे तं ये म्हणा इकडं. तलावाच्या पाळीवर घर आहे, कोणालेही तुलाराम ढिवराचं घर विचारा.'

शनिवारी गोपीचंदजी आणि उषाबाई साकोलीवरून एसटी बदलून सानगडीला उतरले. तुलाराम पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाळं दुरुस्त करत बसला होता. साठीचा, सुकडा, हातांत सुई सारखी चाललेली. प्रेरणा पाणी घेऊन आली. पंचविशीची असेल. गोपीचंदजींनी हात जोडले तशी ती लाजली.

"मले वाटलं आता सोसायटीचा ठेका जाते, काकाजी," ती म्हणाली. "तलाव आमच्या ढिवराईच्या सोसायटीनं मासोळीसाठी ठेक्यानं घेतला आहे, अन् तुमी लिहिलं कोणाच्या परवानगीनं. इथं परवानगी म्हणलं का पयले भेवच वाटते. मी म्हणलं, मडक्यात तलावाचं पाणी भरतो त्याचीच चौकशी लागली वाटते. तवाच मिटवून टाकलं सारं. बाबाचं मडकंही दोन दिवस उतरवून ठेवलं होतं."

उषाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. ते बघणं एखाद्या मेमोपेक्षा कडक होतं.

"बेटा, त्या पोस्टमंधी खाली काय होतं?" गोपीचंदजींनी शेवटी विचारलंच. त्यासाठीच तर ते बारा दिवस झुरत होते. "खरी गोष्ट म्हणून लिहिलं होतं ते. कोणता उपाय होता?"

प्रेरणाने बापाकडे पाहिलं. तुलाराम हसला.

"उपाय कायचा जी! आभार होते ते. मडक्यानं चार-सहा दिवस बरं वाटते, मंग त्याचीही सवय होते. तुमालेही झाली असंन."

"हाव, झाली," गोपीचंदजी खोल आवाजात म्हणाले.

"मंग ह्या पोरीनं त्या मंचावर लिहिलं माह्याबद्दल. तं काय सांगू, कोठची कोठची मानसं रोज विचारत. आज बाबाचं कसं आहे? काल पाऊस होता तं जास्त वाजलं का? वीस दिवस विचारून राहिले जी. ही मले वाचून दाखवे. आजपावतर मले कोणी एवढं विचारलं नोहोतं. वाजणं तसंच आहे. पण आता मी एकटा नाही आयकत बसत त्याले. एवढंच लिवलं होतं तिनं, का तुमचे उपकार आहेत." त्याने जाळ्याला गाठ मारली आणि मान वर केली. "तुमचं कसं आहे जी, आज?"

म्हणजे बारा दिवस, त्रेसष्ट नोटिसा आणि तीन त्रुटी कशासाठी, तर दहा-बारा ओळींच्या आभारासाठी. गोपीचंदजींना खरं तर निराशा वाटायला हवी होती. पण हा प्रश्न त्यांना अशा माणसाने विचारला होता ज्याला उत्तर आधीच माहीत होतं, आणि तरी त्याला ते ऐकायचं होतं. त्यांनी बोलायला सुरुवात केली. तुलाराम मध्येच "हाव, हाव, तसंच," म्हणत होता, आणि मध्येच "माहं तं रातकिड्यावानी वाजते," असं आपलंही सांगत होता. कुकर श्रेष्ठ की रातकिडा यावर दोघांचा चांगला तासभर वाद रंगला. ऊन कलेपर्यंत गोपीचंदजी इतकं हसले की उषाबाई प्रेरणाच्या कानाशी लागून म्हणाल्या, "हे असे हसत होते, हे मी विसरलीच होती व माय." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. साबणाचं कारण त्यांनी सांगितलं नाही.

निघताना तुलारामने केळीच्या पानात बांधलेली मासोळी दिली. एसटी थांब्यापर्यंत प्रेरणा सोडायला आली. गाडी दिसू लागली तसे गोपीचंदजी अस्वस्थ झाले. आभार मानायचे होते, मोठं वाक्य तयार होतं, त्यात 'कृतज्ञता' होती, 'ऋणनिर्देश' होता, 'सदैव' तर दोनदा होता. गाडी थांबली, दार उघडलं, आणि त्या वाक्याची सुरुवातच त्यांना सापडेना.

"लय बरं वाटलं बेटा मले," ते कसंबसं म्हणाले. "तुह्यानं."

प्रेरणा हसली. उषाबाईंच्या हातात पिशवी देत ती म्हणाली, "हेच लिवाचं होतं ना काकाजी तवा. मी कायले मिटवली असती?"